पन्नास जणांचे एक यंत्र

झेरॉक्स हा शब्द आता खेड्यापाड्यांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सातबाराचा उतारा असो, शिधापत्रिका असो, बँकेचे पासबुक असो, कचेरीत गेले की खिडकीमागून पहिला प्रश्न येतो, "झेरॉक्स आणलीय का?" मग आपण समोरच्या दुकानात जातो. दुकानदार आपला कागद काचेवर उपडा ठेवतो, झाकण लावतो, बटण दाबतो. उजेडाची एक पट्टी सरकते. आणि आपल्या कागदासारखा हुबेहूब दुसरा कागद बाहेर येतो. आपण पैसे देतो आणि निघतो.

या दुकानातल्या यंत्राला धनी असतो. कागद अडकला तर तो काढतो. शाई संपली तर तो भरतो. आपला कागद काचेवर राहिला तर तो हाक मारतो, "ओ पाव्हणं, कागद राहिला की!" पण जिथे यंत्र एक, वापरणारे पन्नास आणि धनी कुणीच नाही, तिथे काय होत असेल? या धड्यात आपण अशाच एका यंत्राची माहिती घेऊ. हे यंत्र असते विद्यापीठाच्या विभागात.

विद्यापीठ म्हणजे महाविद्यालयांच्या वरची संस्था. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली निघाले, पुण्याचे १९४९ साली, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली. विद्यापीठात एकेका विषयाचा एकेक विभाग असतो. मराठीचा विभाग, इतिहासाचा विभाग, रसायनशास्त्राचा विभाग. विभागात शिकवणारे असतात, शिकणारे असतात, कचेरीत बसून लिहिणारे असतात, आणि सगळ्यांची कामे करणारे शिपाई असतात.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. तिथे शिकणारी पोरे-पोरी तुमच्याच घरातली आहेत. शिपाईमामाही बहुधा कुठल्यातरी गावाकडचेच असतात. आणि प्रवेशाच्या दिवसांत हातात पिशवी घेऊन त्या यंत्रापुढे उभा राहिलेला बाप तर आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. त्याच्या पिशवीत पोरीचे सारे अस्सल कागद असतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला. ते कागद म्हणजे त्या पोरीची पुढली वाटच, असे म्हणायला हरकत नाही.

पूर्वी अशी यंत्रे नव्हती. तेव्हा कागदाची नक्कल हाताने लिहून काढत. सरकारी कचेऱ्यांत त्यासाठी नकलनवीस असायचे. पुढे टंकयंत्र आले, त्यात दोन कागदांच्या मध्ये काळा कार्बन घालत. पण कार्बनने तीनचार प्रती निघाल्या की पाचवी पुसट. जास्त प्रती हव्या असल्या तर मेणाच्या कागदावर अक्षरे उमटवायची आणि तो कागद शाईच्या रुळावर चढवून हातदांडा फिरवायचा. त्याला चक्रमुद्रण म्हणत. हात काळे, कपडे काळे. आणि कितीही केले तरी, आधीच लिहून झालेल्या कागदाची जशीच्या तशी नक्कल यातल्या कशानेच पटकन निघत नसे. दाखल्यावरचा शिक्का, सही, खाडाखोड, हे सारे जसे आहे तसे उतरवणार कोण?

ही अडचण चेस्टर कार्लसन नावाच्या एका अमेरिकन माणसाला फार जाणवली. कार्लसन गरिबीत वाढला. बाप आजारी, म्हणून शाळेत असल्यापासून कामे करून त्याने घर चालवले. पुढे तो न्यूयॉर्क शहरात एका कंपनीत नोकरीला लागला. नव्या शोधांचे हक्क नोंदवण्याचे काम त्याच्याकडे होते. त्या कामात एकेका कागदाच्या पुष्कळ प्रती लागत आणि त्या कधी पुरत नसत. कार्लसनने मनाशी घेतले, की यावर काही उपाय काढायचा. अस्टोरिया नावाच्या भागात त्याने एक खोली भाड्याने घेतली आणि हाताखाली एक मदतनीस ठेवला. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी दोघांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. तो थर कापडाने खसाखसा घासला. काचेच्या एका पट्टीवर शाईने "१०-२२-३८ अस्टोरिया" असे लिहिले. (अमेरिकेत तारखेच्या आधी महिना लिहितात.) ती पट्टी पत्र्यावर ठेवून वरून दिव्याचा उजेड पाडला. मग पट्टी उचलली आणि पत्र्यावर बारीक भुकटी शिंपडून फुंकर मारली. भुकटी उडाली, पण अक्षरांच्या जागी तशीच चिकटून राहिली. मेणकागद वर दाबला, तर ती अक्षरे कागदावर आली. ही पहिली झेरॉक्स.

शोध लागला, पण घ्यायला कुणी तयार होईना. वीसपेक्षा जास्त कंपन्यांनी त्याला नाही म्हटले. १९४४ साली बॅटेल नावाच्या संशोधन संस्थेने त्याला हात दिला. पुढे रॉचेस्टर गावच्या हॅलॉइड नावाच्या लहान कंपनीने हे काम अंगावर घेतले. १९५९ साली त्या कंपनीने साध्या कागदावर नक्कल काढणारे यंत्र बाजारात आणले. म्हणजे शोधापासून एकवीस वर्षे गेली. त्या यंत्राचे वजन जवळजवळ तीनशे किलो होते. आणि त्यात कागद अडकला तर कधीकधी पेट घ्यायचा, म्हणून कंपनी यंत्राबरोबर आग विझवण्याचे लहान नळकांडे द्यायची! नाव मात्र त्याचे असे झाले, की कंपनीने आपलेच नाव झेरॉक्स करून घेतले. ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडे. ओल्या शाईशिवाय, कोरड्या भुकटीने लिहिणारे, म्हणून झेरॉक्स. आपण दुकानावर पाटी वाचतो ती खरे तर एका कंपनीच्या नावाची.

आता हे चालते कसे ते पाहू. थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा दोनचार वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ धरा. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतात. कंगव्यावर थोडीशी वीज साठते, तिचा हा गुण. यंत्राच्या पोटात एक रूळ असतो, त्याच्यावर अशीच वीज साठवलेली असते. या रुळाचा स्वभाव असा, की अंधारात तो वीज धरून ठेवतो, आणि उजेड पडला की तेवढ्या जागेची वीज सोडून देतो. आपल्या कागदाचा पांढरा भाग उजेड परत फेकतो. काळी अक्षरे उजेड गिळतात. म्हणून रुळावर वीज उरते ती फक्त अक्षरांच्या जागी. तिथे काळी भुकटी चिकटते. तिला टोनर म्हणतात. रुळावरची भुकटी कोऱ्या कागदावर उतरते. मग तो कागद तापलेल्या रुळांखालून जातो. ही उष्णता १८० ते २०० अंशांच्या आसपास असते. पाणी १०० अंशांवर उकळते, त्यावरून अंदाज करा. भुकटीत प्लॅस्टिक असते, ते वितळून कागदात मुरते. नवी प्रत हाताला गरम लागते ती यामुळे.

आजच्या यंत्रात एक पायरी वाढली आहे. ते आधी कागदाचे चित्र टिपते आणि स्वतःच्या आठवणीत ठेवते. मग बारीक किरणाने ते चित्र रुळावर लिहिते. किरणाने लिहिण्याची ही युक्ती झेरॉक्स कंपनीतल्याच गॅरी स्टार्कवेदर या माणसाने १९७१ च्या सुमारास चालवून दाखवली. यामुळे एक मोठा फरक पडला. किरणाने लिहायचे, तर लिहायला काय हवे ते काचेवरूनच आले पाहिजे असे नाही. ते दूरच्या संगणकातून तारेने आले तरी चालते. म्हणून एकच यंत्र आता दोन कामे करते. काचेवरच्या कागदाची नक्कल काढते, आणि संगणकात लिहिलेला मजकूर छापतेही.

विभागातल्या भांडणांचे मूळ इथेच आहे. नक्कल काढणारा यंत्रापुढे उभा असतो. छापणारा मात्र दुसऱ्या खोलीत, कधी दुसऱ्या मजल्यावर बसलेला असतो. तो इकडे बटण दाबतो आणि कागद तिकडे बाहेर पडतो. कुणाच्या हाती पडतो, ते त्याला दिसत नाही.

समजा, सकाळचे अकरा वाजले आहेत. वरच्या मजल्यावरून एका सरांनी चाळीस पानांचा मजकूर छापायला पाठवला. खाली एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत छापायला बसली आहे. आज अर्जाची शेवटची तारीख. तिने बटण दाबले. कागद आला नाही. पुन्हा दाबले. आला नाही. तिसऱ्यांदा दाबले. यंत्र गप्प. का गप्प? सरांचा मजकूर कुठल्यातरी अमेरिकन नमुन्यावर लिहिलेला होता. अमेरिकेतला कागद आपल्या ए-फोर कागदापेक्षा थोडा रुंद आणि थोडा आखूड असतो. त्याला लेटर म्हणतात. यंत्र म्हणते आहे, "मला लेटर मापाचा कागद द्या." यंत्राच्या लहान पडद्यावर ते इंग्रजीत लिहून आले आहे आणि तांबूस दिवा लुकलुकतो आहे. पण तिथे वाचायला कुणी नाही. सर वरती चहा घेत आहेत. मागे नंबर लावून सातजणांचे कागद तुंबले आहेत. मग कुणीतरी येतो, यंत्रावर थाप मारतो. दुसरा येतो, सरळ बटण बंद करतो. तिसरा शिपाईमामांना हाक मारतो, "मामा, तुमचं यंत्र परत बिघडलं!"

यंत्र बिघडलेले नाही, आणि ते मामांचे तर नाहीच. पडद्यावरची खूण पाहून "आहे तोच कागद चालेल" एवढे यंत्राला सांगितले असते तर पुरे होते. तसे सांगितले की तुंबलेले सगळे बाहेर पडते. सरांची चाळीस पाने, सातजणांचे कागद, आणि त्या पोरीचा अर्ज तीनदा. कारण तिने तीनदा मागितला होता. नळाला पाणी नाही म्हणून आपण एका नळाखाली तीन घागरी ठेवत नाही. इथेही तसेच समजावे. एकदा बटण दाबले की उठून यंत्रापाशी जायचे आणि पडदा पाहायचा.

पडदा इंग्रजीत असतो, ही आम्हाला फार दिवसांची खटकणारी गोष्ट आहे. ज्यांच्यावर यंत्र सांभाळण्याची वेळ येते त्यांनाच ते वाचता येत नाही, याला काय म्हणावे? काही यंत्रांत भाषा बदलण्याची सोय असते, तीही कुणी करत नाही. पण पाचसहा शब्द ओळखीचे झाले तर काम भागते. 'पेपर जॅम' म्हणजे कागद अडकला. 'टोनर लो' म्हणजे भुकटी संपत आली. 'ट्रे एम्टी' म्हणजे कागदाचा कप्पा रिकामा. हिरवे बटण चालू करण्याचे, तांबडे थांबवण्याचे. याशिवाय पडद्यावर यंत्राचे चित्र येते आणि ज्या दाराशी अडचण असेल ते दार चित्रात लुकलुकते. चित्र वाचायला इंग्रजी लागत नाही.

कागद अडकला तर आधी ते दार उघडावे. कागद दोन्ही हातांनी धरून सावकाश ओढावा, आणि तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने ओढावा. उलटा ओढला तर फाटतो. फाटला तर तुकडा आत राहतो, आणि नखाएवढा तुकडा राहिला तरी पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडतो. आतल्या तापलेल्या भागावर चटक्याचे चित्र असते, तिथे हात लावू नये. भुकटी सांडली तर फुंकू नये. कोरड्या फडक्याने टिपावी. कपड्यावर पडली तर झटकून थंड पाण्याने धुवावी. गरम पाण्याने धुतली तर ती कापडात वितळते आणि डाग कायमचा बसतो.

पावसाळ्यात यंत्र जास्त अडते. आमच्याकडच्या विद्यापीठांत प्रवेश असतात जून-जुलैत, म्हणजे गर्दीही तेव्हाच आणि ओलही तेव्हाच. ओला कागद ओल्या कागदाला चिकटतो, दोन-दोन पाने एकदम आत जातात. ओलसर कागदावर वीज नीट टिकत नाही, त्यामुळे अक्षरे फिकी उमटतात. उष्णतेने तो कागद वळतो आणि वळला की अडकतो. म्हणून कागदाचा गठ्ठा जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नये. फळीवर ठेवावा. वेष्टन फोडले की लागेल तेवढा कागद कप्प्यात घालावा आणि उरलेला पुन्हा गुंडाळावा. धान्याची कणगी आपण अशीच राखतो. कागद कप्प्यात घालण्याआधी गठ्ठा हातात धरून पत्त्यांसारखा फुलवावा, म्हणजे पाने सुटी होतात.

गठ्ठ्याला रीम म्हणतात. एका रीममध्ये ५०० कागद. वेष्टनावर ८० हा आकडा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ असा, की एक चौरस मीटर कागदाचे वजन ८० ग्रॅम. ए-फोर मापाचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे एका कागदाचे वजन ५ ग्रॅम, आणि रीमचे अडीच किलो. पाच रीमचे खोके साडेबारा किलो भरते. तीन मजले चढून ते खोके कोण आणतो, हे चाळीस पाने चुकून दोनदा छापणाऱ्याने एकदा आठवावे. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापले तर खोकी निम्मी लागतात.

नकलेवर एक उभी काळी रेघ येते, ती पुष्कळांना कोडे वाटते. मोठ्या यंत्रांच्या झाकणावर कागद आपोआप ओढून घेण्याची सोय असते. तिथे कागद सरकतो आणि काच जागेवर राहते. ही काच बोटभर रुंदीची पट्टी असते. तिच्यावर खाडाखोडीच्या पांढऱ्या रंगाचा एक ठिपका सुकून बसला, की सरकणाऱ्या प्रत्येक कागदावर त्या ठिपक्याची लांबच लांब रेघ उमटते. लोक मोठी काच पुसत बसतात आणि रेघ जात नाही. पुसायची ती लहान पट्टी. कागदाला टाचणी राहिली असेल तर तीही याच काचेवर ओरखडा पाडते. तो पुसून जात नाही.

आणखी एक. तुम्ही पन्नास प्रती काढल्या, अक्षर मोठे करून काढल्या, आणि निघून गेलात. यंत्र ते विसरत नाही. मागून आलेला एका दाखल्याची एक प्रत काढायला बटण दाबतो आणि मोठ्या अक्षरांच्या पन्नास प्रती धडाधड पडू लागतात. काही यंत्रे थोड्या वेळाने आपोआप मूळपदावर येतात, काही येत नाहीत. आपले काम झाले की यंत्र मूळपदावर आणायचे बटण दाबावे. जात्यावरून उठताना पाळे झाडून ठेवतात, तितकेच हे सोपे आहे.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट झाकणाखाली असते. लोक नक्कल घेऊन जातात आणि अस्सल कागद काचेवर विसरतात. हे सगळीकडे होते. शिकलेल्यांचे जास्त होते. कारण डोळे बाहेर येणाऱ्या नकलेकडे असतात. नक्कल मोजतो, जुळवतो, पिशवीत घालतो, आणि काम झाले असे वाटते.

एका विद्यापीठातल्या एका विभागात आम्ही प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरायला मदत करत बसलो होतो. दूरच्या तालुक्यातली एक मुलगी आली. कागद जोडले, अर्ज दिला, संध्याकाळच्या एसटीने गावी गेली. तिचा जातीचा दाखला काचेवरच राहिला. तिच्यामागून आलेल्या माणसाने झाकण उघडले, दाखला पाहिला, "येईल कुणीतरी" म्हणून यंत्राच्या माथ्यावर ठेवला आणि आपले काम करून तो गेला. त्याचे काही चुकले असे त्याला वाटले नाही. दुपारनंतर त्या दाखल्यावर फुकट गेलेल्या प्रती साचल्या. अशा प्रतींची मागची बाजू कोरी असते, म्हणून त्या गोळा करून कच्च्या लिखाणाला वापरतात. संध्याकाळी सगळा गठ्ठा उचलला गेला. दाखलाही त्यात. मागून पाहिले तर तोही एका बाजूने कोराच!

तो विभागाच्या कच्च्या कागदांत कापला जायचा, तो वाचला शिपाईमामांमुळे. हे मामा वयाच्या चाळिशीत वाचायला शिकलेले. त्यांची रीत अशी, की गठ्ठा कापण्याआधी एकेक पान उलटून पाहायचे. आम्ही म्हटले, "मामा, एवढी पाने कशाला बघत बसता?" ते म्हणाले, "वाचायला येतं म्हनून बघतो. न्हाई तर समदे कागद सारखेच की." दाखल्यावरचा गोल शिक्का त्यांना निळा दिसला. बाकीच्या पानांवरचे शिक्के काळे होते, कारण ते यंत्र काळेच छापणारे. त्यांनी नाव वाचले, गाव वाचले, तालुका वाचला. कचेरीतल्या मॅडमकडे जाऊन अर्जावरून फोन लावला. पलीकडून मुलीचे वडील बोलत होते. घरात तेव्हा धान्याचे डबेसुद्धा उपसून झाले होते.

दाखला हरवला तर दुसरा मिळतो, नाही असे नाही. पण त्यासाठी किती हेलपाटे, किती रोज बुडाले, आणि प्रवेशाची तारीख थांबते का?

दुसऱ्या दिवशी मामांनी भिंतीवर एक कागद चिकटवला. ठळक मराठी अक्षरांत, आपल्या हाताने. "निघण्याआधी झाकण उघडा. सापडलेला कागद यंत्रावर ठेवू नका, कचेरीत द्या." शेजारी एक पुठ्ठ्याची पेटी ठेवली, छापून पडलेल्या बिनवारसी कागदांसाठी. विभागात दहा वर्षे इंग्रजी सूचना लावलेली होती, ती कुणी वाचलेली आम्ही पाहिली नाही. ही मात्र लोक वाचत होते.

छापून पडलेल्या कागदांतही फरक असतो. एखादा कागद वेळापत्रक असतो. एखादा मात्र कुणाच्या गुणांची यादी, कुणाच्या पगाराचा कागद, कुणावरच्या तक्रारीची चौकशी, किंवा उद्याच्या परीक्षेचा प्रश्न असतो. वाचायला आले म्हणून दुसऱ्याचे सगळेच वाचावे असे नाही. मालक कोण एवढे कळण्यापुरते पाहावे आणि कागद उपडा करून पोचता करावा. आता पुष्कळ यंत्रांत अशी सोय असते, की दूरून पाठवलेला मजकूर लगेच छापला जात नाही. पाठवणारा यंत्रापाशी येऊन आपला गुप्त आकडा दाबतो, तेव्हाच कागद बाहेर येतो. अशी सोय असून शिक्षक ती वापरत नसतील, तर त्यांना विनंती करायला शिपायाने किंवा विद्यार्थ्याने संकोच करू नये.

विद्यार्थ्यांसाठी या यंत्राचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्यावरून आपल्या देशात मोठा खटला झाला. वरच्या वर्गांची पुस्तके फार महाग. एका पुस्तकातले एकच प्रकरण अभ्यासाला, आणि पुस्तक हजारो रुपयांचे. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे लहानसे दुकान होते. शिक्षकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या पुस्तकांतली पाने एकत्र करून ते दुकान त्यांचे संच विद्यार्थ्यांना देई. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्लीच्या उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे, आमच्या पुस्तकांची ही चोरी आहे. विद्यार्थी आणि शिक्षकही दाव्यात उतरले. त्यांचे म्हणणे, आम्ही ही पुस्तके विकत घेऊच शकत नाही, मग शिकायचे कसे?

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने प्रकाशकांचा दावा फेटाळला. १९५७ च्या कायद्यात शिकण्या-शिकवण्याच्या कामासाठी पुस्तकातून प्रती काढायला मोकळीक ठेवलेली आहे, तिचा आधार त्यांनी घेतला. प्रकाशक वरच्या पीठाकडे गेले. डिसेंबर २०१६ मध्ये त्या पीठानेही ही मोकळीक मान्य केली. संचातली पाने अभ्यासाला खरोखर लागतात का, हे तपासायला सांगितले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी आपण होऊन दावा सोडला. म्हणून शिक्षकाने नेमून दिलेली पाने अभ्यासासाठी काढताना पोराने चोर असल्यासारखे इकडेतिकडे पाहायचे कारण नाही. मात्र अख्खे पुस्तक छापून बाजारात विकायला बसला, तर हा निकाल त्याच्या कामी येणार नाही.

शेवटी यंत्राच्या आठवणीबद्दल. यंत्र कागदाचे चित्र टिपून ठेवते, हे वर सांगितले. मोठ्या यंत्रांत त्यासाठी एक चकती असते, संगणकात असते तशी. पुष्कळ यंत्रांत जुनी चित्रे त्या चकतीवर तशीच पडून राहतात. २०१० साली अमेरिकेतल्या सीबीएस या वृत्तवाहिनीने वापरलेली जुनी यंत्रे विकत घेऊन तपासली. एका यंत्रात पोलिसांचे कागद निघाले, एकात आजारी लोकांची माहिती निघाली. ज्या विमा संस्थेचे ते दुसरे यंत्र होते, तिला २०१३ साली बारा लाख डॉलरांहून जास्त रक्कम भरावी लागली. संस्थेने ते यंत्र भाड्याने आणले होते आणि आठवण न पुसता परत केले होते.

आपल्याकडेही विभागांतली यंत्रे पुष्कळदा भाड्याची असतात. मुदत संपली की कंपनीचा माणूस येतो, दुसरे यंत्र ठेवतो आणि जुने घेऊन जातो. आणि शिपाईमामांपुढे कागद सरकवून म्हणतो, "मामा, इथं सही करा." तेव्हा आधी कचेरीतल्या मंडळींना बोलवावे. यंत्रात चकती आहे का, ते विचारावे. असेल तर ती सगळ्यांसमोर पुसून घ्यावी किंवा काढून ठेवून घ्यावी. "यंत्रातील सर्व साठा पुसला" असे पावतीवर तारखेसह लिहून घ्यावे, ते वाचावे, आणि मग सही करावी. मग यंत्र खुशाल टेम्पोत चढवू द्यावे. त्याआधी तेवढे झाकण उघडून काचेवर पाहून घ्यावे.